बाण सोडण्याचा अधिकार

सायंकाळच्या आरतीनंतर आपल्या मंदिराच्या सभामंडपात जी मंडळी घटकाभर टेकतात, त्यांच्यात गेल्या महिन्यात एका विषयावर बराच वाद झाला. विषय वरवर पाहता एका घरचा होता. परंतु त्याच्या मुळाशी जो प्रश्न होता, तो आम्हांस इतका मोलाचा वाटला की, त्याची चर्चा मंडपाच्या खांबांपुरती न ठेवता या पत्रिकेच्या द्वारे सर्व सभासद-कुटुंबांपुढे मांडावी असे आम्ही ठरविले.

हकीगत अशी. आपल्या सभासदांपैकी एका कुटुंबाचा मुलगा हुबळीत शिकून पुढे अमेरिकेस गेला व तेथेच नोकरीस आहे. त्यास मोठ्या शक्तीचे अग्निबाण स्वतः बांधून उडविण्याचा छंद आहे. या छंदात तीन श्रेणींची प्रमाणपत्रे असतात. पहिल्या दोन श्रेणी पार करून तिसऱ्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीसाठी त्याने दीड वर्ष खपून माणसाहून उंच असा बाण बांधला. परीक्षेच्या दिवशी बाण सरळ वर गेला, आकाशात छत्री उघडली व तो मैदानात उतरला. पाहणाऱ्यांनी टाळ्या वाजविल्या. मात्र बाण उचलताना एका पंखाच्या मुळाशी केसाएवढी चीर पडल्याचे मुलाच्या बोटास जाणवले. वरून रंग असल्यामुळे ती सहसा कोणाच्या नजरेस आली नसती. त्याने ती आपण होऊन परीक्षकांस दाखविली. परत आलेला बाण डागडुजीवाचून पुन्हा उडविता आला पाहिजे, असा नियम आहे. अर्थातच प्रमाणपत्र मिळाले नाही.

इकडे मुलाच्या आईने नैवेद्यासाठी धारवाडी पेढे आणून ठेवले होते. ती बातमी आली तेव्हा पेढ्यांचे काय करावे, असा प्रश्न त्या घरात उभा राहिला. वडिलांचे म्हणणे, "ज्याने जिंकलेला डाव आपल्या हाताने घालविला, त्याचे पेढे कसले वाटायचे?" आई काही बोलली नाही, पुडा घेऊन ती मंदिरात आली. मंडपात दोन पक्ष पडले. मुलाने केले ते योग्यच, असे काहींनी म्हटले. इतरांचे म्हणणे असे की, बाण वर गेला, खाली आला, कोणास इजा झाली नाही; मग केसाएवढ्या चिरेसाठी दीड वर्षाचे श्रम मातीत घालणे हा प्रामाणिकपणा नसून भाबडेपणा आहे. या दुसऱ्या पक्षाचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. त्याचे उत्तर शोधावयाचे तर प्रथम ही परीक्षा कशाची असते ते समजून घेतले पाहिजे.

अग्निबाण आपणांस परका नाही. दिवाळीत मुले उडवितात त्यास आपण बाणच म्हणतो. ज्या धारवाडच्या किल्ल्यास परशुरामभाऊ पटवर्धनांनी १७९० च्या सप्टेंबरात वेढा घातला आणि जो १७९१ च्या एप्रिलात हाती आला, तो किल्ला टिपू सुलतानाचा सरदार बद्रुझ्झमानखान लढवीत होता. त्याच टिपूच्या सैन्याचे लोखंडी नळीचे बाण पुढे इंग्रजांनी विलायतेस नेले आणि त्यांवरून काँग्रीव्ह याने आपले अग्निबाण बनविले. शिवमोग्गा जिल्ह्यातील नगर येथे एका जुन्या विहिरीत २०१८ साली असे हजाराहून अधिक बाण सापडले. त्या बाणांकडून एकच अपेक्षा होती, ती म्हणजे जाऊन पडावे व जाळावे. परत येण्याची अपेक्षा त्यांच्याकडून कोणी केली नाही.

छंदाच्या अग्निबाणाची गोष्ट नेमकी उलट आहे. १९५७ साली रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला, तेव्हा अमेरिकेतील शाळकरी मुलांना बाणांचे वेड लागले. घरच्या घरी लोखंडी नळ्यांत दारू ठासताना कित्येकांनी बोटे व डोळे गमावले. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक गावचे जोड्यांचे एक दुकानदार, ऑरव्हिल कार्लाइल, यांनी त्यापूर्वीच कागदी नळीचा, बदलता येणाऱ्या लहान मोटरीचा, छत्रीने खाली उतरणारा बाण तयार केला होता. जी. हॅरी स्टाइन या अग्निबाणांच्या जाणकाराने त्याचे महत्त्व ओळखले आणि त्याच वर्षी 'नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री' ही संस्था निघाली. पुढे मोटरी मोठ्या होत गेल्या आणि त्याबरोबर श्रेणींची व परीक्षांची पद्धत आली. आज ती संस्था व 'ट्रिपोली रॉकेट्री असोसिएशन' या दोघी ही प्रमाणपत्रे देतात.

मोटरींना इंग्रजी अक्षरांची नावे असतात व प्रत्येक पुढील अक्षराची कमाल शक्ती मागच्याच्या दुप्पट असते. पहिल्या श्रेणीत 'एच' व 'आय', दुसऱ्या श्रेणीत 'जे', 'के' व 'एल', आणि तिसऱ्या श्रेणीत 'एम' व त्यापुढील. 'एच'ची सुरुवात १६० न्यूटन-सेकंदांवर होते, तर 'एम'ची ५,१२० वर. म्हणजे बत्तीस पटींनी. दुसऱ्या श्रेणीस लेखी परीक्षा असते. तिसऱ्या श्रेणीस बाण उडविण्यापूर्वीच त्याचे आराखडे, सामानाची यादी, बांधणीची छायाचित्रे, तो आकाशात डगमगणार नाही याचा हिशोब, हे सर्व जाणत्या परीक्षकांपुढे ठेवावे लागते. छत्री उघडण्याची यंत्रणा एक असून चालत नाही. दोन स्वतंत्र उंचीमापक व दोन स्वतंत्र विद्युत्‌घट लागतात, म्हणजे एकाने दगा दिला तरी दुसरा काम करील. 'एम' मोटरीचा बाण सुटताना माणसांनी निदान ५०० फूट दूर उभे राहावे आणि वारा ताशी २० मैलांहून अधिक असल्यास बाण सोडूच नये, असा दंडक आहे.

एवढ्या सगळ्या परीक्षेत एक गोष्ट कोणी विचारीत नाही. ती म्हणजे बाण किती उंच गेला. उंचीला येथे गुण नाहीत. तो ठरल्याप्रमाणे गेला काय आणि सुखरूप परत आला काय, एवढेच पाहतात. ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटली.

'धनुष्यातून सुटलेला बाण आणि तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही' असे आपण म्हणतो. महाभारताच्या सौप्तिक पर्वात हाच प्रश्न आहे. द्रोणाचार्यांनी अर्जुनास महान अस्त्र दिले ते संतोषाने. अश्वत्थाम्याने हट्ट धरला म्हणून त्यासही दिले, परंतु पुत्राची चंचल वृत्ती ठाऊक असल्यामुळे खिन्न मनाने, आणि मनुष्यावर कधीही सोडू नकोस, असे बजावून. शेवटी गवताच्या काडीवर अश्वत्थाम्याने ते अस्त्र सोडलेच. अर्जुनानेही प्रतिकारार्थ आपले सोडले. नारद व व्यास मध्ये उभे राहिले आणि दोघांस अस्त्रे आवरावयास सांगितले. अर्जुनाने आपले आवरले. अश्वत्थाम्यास आवरता आले नाही. ते उत्तरेच्या गर्भावर जाऊन पडले.

आता, अस्त्र सोडण्याचे ज्ञान दोघांसही सारखेच होते. द्रोणपुत्र कौशल्यात कमी होता असे नव्हे. भेद होता तो उपसंहाराचा. आरंभ करण्याची विद्या दोघांपाशी होती. परत घेण्याची पात्रता व्रतस्थ राहिलेल्या एकापाशीच होती. आपल्या वेदान्तग्रंथांच्या प्रारंभी विषय, संबंध व प्रयोजन यांच्या आधी 'अधिकारी' कोण हे सांगतात, ते याच अर्थाने. सिद्धारूढ स्वामींच्या या हुबळीत तो शब्द कोणास नवा नाही. हल्ली मात्र अधिकार म्हणजे हक्क किंवा सत्ता, असा अर्थ होऊन बसला आहे. मूळ अर्थ पात्रता असा आहे. आणि जी वस्तू दुसऱ्यास जाळू शकते तिच्या बाबतीत पात्रता म्हणजे ती आवरण्याचे सामर्थ्य होय.

अग्निबाणाच्या बाबतीत ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. मोठ्या बाणांच्या मोटरीत बहुधा अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची भुकटी व रबरासारखे बांधणारे द्रव्य यांचे घट्ट मिश्रण असते. आपल्या देशाच्या मोठ्या अग्निबाणांतील घन इंधनही याच जातीचे. ते सिद्ध करण्यात कोल्हापुरात वाढलेले आपले वसंतराव गोवारीकर अग्रभागी होते. हे इंधन एकदा पेटले म्हणजे विझविता येत नाही. तेथे अर्जुनालाही उपाय नाही! म्हणून त्याचा उपसंहार पेटविण्यापूर्वी करावा लागतो. आराखड्यात, दुसऱ्या उंचीमापकात, छत्रीच्या घडीत, आणि वारा वाढला असता "आज नको" असे म्हणण्याच्या धैर्यात.

येथे कोणी म्हणेल, "हे सर्व ठीक, पण त्यासाठी कागद कशाला? आमच्या गावच्या गंगूबाई हनगल हुबळीहून कुंदगोळास जाऊन सवाई गंधर्वांपाशी शिकल्या. त्यांच्याजवळ कोणते प्रमाणपत्र होते?" आक्षेप मार्मिक आहे. परंतु गुरूने मान डोलावल्याखेरीज शिष्याने बैठकीत बसू नये, ही परीक्षाच होती. कागद तेवढा नव्हता. अग्निबाणाचे परीक्षकही स्वतः त्याच परीक्षेतून गेलेले व हौसेने काम करणारे असतात. त्यांची सही ही गुरूच्या मान डोलावण्याहून फार वेगळी नाही. भेद इतकाच की, सूर चुकला तर ऐकणाऱ्याचा कान दुखावतो, बाण चुकला तर डोके फुटते. ज्या कर्माची चूक केवळ कर्त्यास भोगावी लागते, तेथे त्याने आपल्या मताने चालावे. ज्याची चूक शेजाऱ्यास भोगावी लागते, तेथे आपणच आपल्याला दिलेले प्रशस्तिपत्र पुरत नाही.

प्रमाणपत्र कोणासाठी असते, हे आता ध्यानात येईल. ते मिळविणाऱ्याच्या भिंतीवर लटकत असले तरी त्याचा खरा वाचक दुसराच असतो. ते पाहून दुकानदार त्या माणसास मोठी मोटर विकतो. त्याच्या भरवशावर परक्या गावची माणसे लेकराबाळांना घेऊन ५०० फुटांवर निश्चिंत उभी राहतात. त्यांनी ना आराखडा पाहिलेला असतो, ना पंख चाचपलेला. चीर झाकून मिळविलेले प्रमाणपत्र म्हणजे ज्यांना आपण अजून पाहिलेही नाही, अशा माणसांशी आगाऊ बोललेले खोटे होय.

शिवाय त्या चिरेस स्वतःचे सांगणे होते. बाण ठरल्याहून अधिक वेगाने जमिनीस टेकला, छत्री लहान पडली किंवा उशिरा पूर्ण उघडली, असा काहीतरी तिचा निरोप होता. ती झाकली असती तर परीक्षक फसले असते हे खरे. परंतु त्यांच्याआधी तो मुलगाच फसला असता. पुढचा बाण त्याने याहून मोठा बांधला असता आणि तोच दोष त्यात दुप्पट होऊन बसला असता.

बेंगेरी येथे आपल्या हुबळीत राष्ट्रध्वज तयार होतो. कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाचे ते काम आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. कापडाचे वजन, धाग्यांची गणती, रंगाचा पक्केपणा, चक्राची ठेवण, हे सर्व मानकाप्रमाणे तपासले जाते. ध्वज उंच काठीवर फडकू लागला की खालून कोणास धागे मोजता येणार आहेत? तरीही ते जमिनीवर मोजतात. जे वर गेल्यावर कोणी तपासू शकत नाही, ते वर जाण्यापूर्वी तपासावे, हा ध्वजाचा नियम बाणासही लागू पडतो; आणि आम्हांस वाटते, माणसासही.

अपयश झाकण्याचा मोह मोठमोठ्यांना पडतो. म्हणून एक प्रसंग सर्वांनी ध्यानी ठेवावा. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून एस.एल.व्ही.-३ या आपल्या उपग्रहवाहक अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. उड्डाणापूर्वी काही मिनिटे संगणकाने थांबण्याची सूचना दिली होती. तज्ज्ञांनी काळजीचे कारण नाही असे सांगितल्यावरून आपण ती बाजूस सारली, आणि बाण बंगालच्या उपसागरात गेला, असे योजनाप्रमुख अब्दुल कलाम यांनी पुढे अनेक व्याख्यानांतून स्वतः सांगितले आहे. त्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष सतीश धवन यांनी वार्ताहरांपुढे अपयश आपल्या शिरावर घेतले. १८ जुलै १९८० रोजी उड्डाण यशस्वी झाले, तेव्हा वार्ताहरांपुढे त्यांनी कलामांना पाठविले. या कथेत धवनांचे मोठेपण तर आहेच. पण आपण सूचना बाजूस सारली, हे राष्ट्रपतिपदास पोहोचलेला मनुष्य मुलांच्या सभांतून सांगतो, यातही थोडे मोठेपण नाही. चूक झाकली असती तर ती शिकविता आली नसती.

आणखी एक आक्षेप धार्मिक वेषात येतो. फळाकडे पाहू नये असे गीता सांगते. मग बाण परत आला की नाही याची एवढी चिंता कशास? आमचे नम्र मत असे की, गीतेने फळाची आसक्ती सोडावयास सांगितली, परिणामाची जबाबदारी नव्हे. तसे असते तर तिने लोकसंग्रहाचा उच्चारच केला नसता. त्या मुलाने आसक्ती सोडली म्हणूनच त्यास जबाबदारी दिसली. प्रमाणपत्राचा लोभ ज्याच्या डोळ्यांवर असतो त्यास चीर दिसत नाही, आणि दिसली तरी ती 'केसाएवढी' वाटते.

आता घरोघरच्या पालकांस एक व्यावहारिक विनंती. ही हकीगत ऐकून कोणा मुलाच्या मनात हौस उपजली तर तिला हसू नये. परंतु फटाक्यांची दारू खरवडून नळीत भरणे हा त्या हौसेचा मार्ग नव्हे. आपल्याकडे १८८४ चा स्फोटक पदार्थांचा कायदा व २००८ चे नियम आहेत, आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्य कार्यालय नागपुरास आहे. परवानगीवाचून घरी असले मिश्रण करणे हा गुन्हा तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे तो शेजाऱ्याच्या लेकराशी खेळलेला जुगार आहे. गणित, पदार्थविज्ञान, सुतारकी, शिवण यांपासून आरंभ करावा. छत्री शिवता येणे हेही या विद्येत बाण सोडण्याइतकेच मोलाचे आहे.

असो. पुन्हा मंडपाकडे वळू. त्या मुलाचे वडील येथील रेल्वेच्या कारखान्यात तीस वर्षे होते. त्यांच्या उमेदवारीच्या काळी चाकांची पहिली पारख हातोडीने ठोकून होत असे. बाजारात मडके वाजवून घ्यावे तसेच ते. धड चाक खणखणीत बोलते, तडा गेलेले बद्द वाजते. वाद पेटला असता आमच्यातील एका वृद्ध गृहस्थांनी त्यांस विचारले, "दादासाहेब, गाडी सुटावयाची घाई आहे, वरिष्ठ मागे उभे आहेत, आणि चाक किंचित बद्द वाजले. आपण कधी ते पुढे जाऊ दिलेत काय?" दादासाहेब एकदम ताठ झाले व म्हणाले, "कधीही नाही. आत माणसे बसतात!" एवढे बोलून ते थांबले. मंडपातही कोणी काही बोलले नाही. मग त्यांनी पत्नीच्या हातातील पुडा घेतला, तो स्वतः गाभाऱ्यापाशी नेऊन गुरुजींच्या हाती दिला, आणि आल्यागेल्या सर्वांस पेढा मिळेपर्यंत ते दाराशी उभे राहिले.

मुलाने पंख नव्याने बसविला आहे व मोठी छत्री शिवावयास घेतली आहे. हंगाम अनुकूल होताच तो पुन्हा परीक्षेस उभा राहील. त्यास प्रमाणपत्र मिळावे अशी आमची इच्छा आहेच. देवाजवळ तसे मागण्यात आम्हांस संकोच नाही. परंतु बाण सोडण्याचा जो अधिकार आम्ही वर वर्णिला, तो त्या मैदानावर चिरेवर बोट ठेवताना त्यास मिळाला होता, असे आम्ही समजतो. आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती कसला ना कसला बाण असतो. कोणाच्या हाती लेखणी, कोणाच्या हाती तराजू, कोणाच्या हाती औषध, कोणाच्या हाती नुसता शब्द. तो सोडण्यापूर्वी आपले बोट एकवार त्याच्या पंखावरून फिरावे आणि हातास जे लागेल ते झाकण्याची बुद्धी न व्हावी, एवढेच श्रींच्या चरणी मागणे आहे.